फ्रिजच्या मागे कधी बघितलंय का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन फोन कुठला घ्यावा, टीव्ही किती इंची असावा, वॉशिंग मशीन कशी निवडावी यावर अर्धं पान तरी असतं आणि मी ते आवडीने वाचते, चष्मा लावून त्यातले वॉट आणि लिटर पण बघते. पण मला कायम एक प्रश्न पडतो, घेतल्यानंतरचं काय? वस्तू घरात आली, थर्माकोल फेकून दिला, माहितीपुस्तिका ड्रॉवरमध्ये गेली, आता ही पुढची दहा-बारा वर्षं नीट चालावी म्हणून घरातल्या माणसाने काय करायचं हे कुणीच कसं लिहीत नाही? म्हणून मीच लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, छापताना कापलंत तरी चालेल, फक्त फ्रिजचं कापू नका.

तर फ्रिज. मागच्या उन्हाळ्यात आमचा फ्रिज थंड करेना. दिवसभर घुं घुं चालू, मधेच टक् करून बंद, परत चालू, आणि आतलं सगळं कोमट. मेकॅनिक आला, त्याने मागे हात लावून बघितलं, म्हणाला कंप्रेसर गेलाय मावशी, एवढा खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या. मुलगा फोनवर म्हणाला आई जुना झालाय तो, टाकून दे. ठरलं. नवीन बसेल का म्हणून जागेचं माप घ्यायला फ्रिज पुढे ओढला आणि मागे बघते तर काय, त्या काळ्या जाळीवर बोटभर जाड धुळीचं कांबळं! एवढ्या वर्षांत तिथे कुणी बघितलंच नव्हतं, मी पण नाही. प्लग काढला, मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने तासभर सगळं साफ केलं, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवून परत लावला, दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीझरमध्ये दगडासारखा बर्फ. तो फ्रिज अजून चालू आहे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

कारण नंतर नीट समजून घेतलं. आपल्याला वाटतं फ्रिज थंडी तयार करतो, तसं नाहीये, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि ती मागची जाळी म्हणजे त्याचं टाकायचं ठिकाण. तिच्यावर कांबळं घातलं तर उष्णता जाणार कुठे, मग कंप्रेसर न थांबता पळत राहतो, तापतो, आणि तापला की त्याला जळण्यापासून वाचवणारा जो छोटा स्विच असतो तो त्याला बंद करतो, तो टक् आवाज त्याचा. सगळ्या फ्रिजना मागे जाळी नसते हे पण सांगते, काहींना ती खाली पंख्याजवळ असते आणि काहींची कॉइल बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून बाजू गरम लागते आणि लोक घाबरून तक्रार करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा आणि पिशव्या कोंबू नका.

फ्रिजचंच चाललंय तर अजून दोन गोष्टी. दाराच्या रबरात एक कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज निघाला तर तिथे फट आहे, आणि बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, नुसतं चिकट झालेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की परत नीट बसतं. आणि आत डबे कोंबून मागची थंड हवा येणारी भोकं बुजवू नका, कारण बऱ्याच फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात थंडी येते ती फ्रीझरमधूनच त्या भोकांवाटे येते, आणि मग आपण म्हणतो वर बर्फ होतोय पण खाली थंडच होत नाही. तापमान खाली ३ ते ५ अंश आणि फ्रीझर उणे १८, यापेक्षा थंड करून वीज जाळण्यात काही अर्थ नाही. लाइट गेली तर दार उघडून उघडून बघू नका, दार बंद असेल तर भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास दम धरतो, अर्धा भरलेला २४ तास, खालचा कप्पा मात्र चारच तास.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. या प्रकारानंतर मला नादच लागला, घरात काही बंद पडलं की आधी बघायचं की याचा श्वास कुठे अडकलाय. हवेचा रस्ता, पाण्याचा रस्ता, नाहीतर उष्णता बाहेर पडायचा रस्ता, या तिन्हीपैकी एक तुंबलेला असतो. दहातल्या सात वेळा तरी तेच निघतं, हा माझा घरचा हिशोब आहे हां, कुणी शास्त्रज्ञाचा नाही. मी इंजिनियर नाही, आयुष्यभर हिशेबनीस होते, पण तुंबलेलं ओळखायला इंजिनियर कशाला लागतो.

वॉशिंग मशीन घ्या. पुढून दार असलेल्या मशीनला वास येतो अशी तक्रार माझ्या ओळखीतल्या प्रत्येकीची आहे आणि प्रत्येकीचा उपाय एकच, अजून जास्त पावडर. अहो वास त्या पावडरमुळेच येतोय! या मशीन फार कमी पाण्यात धुतात, त्यांना कमी फेसाची पावडर लागते आणि तीही थोडीच, जास्त घातली की फेस होतो, फेसाची गादी झाली की कपडे एकमेकांवर आपटत नाहीत म्हणून मळ निघत नाही, आणि उरलेली पावडर ड्रमच्या मागे, रबराच्या घडीत, पाइपात साचून तिथे बुरशी धरते. खात्री करायची असेल तर मशीन रिकामी, पावडर न घालता गरम पाण्यावर चालवा आणि काचेतून बघत बसा. फेस दिसला ना, तो तुमच्या मागच्या महिन्यांचा आहे. मी बघितला आणि मलाच लाज वाटली. शिवाय आपण सगळे आता थंड पाण्यावरच धुतो, वीज वाचते, चांगलंच आहे, पण महिन्यातून एकदा तरी ६० अंशांवर एक फेरी रिकामी जाऊ द्या, आणि धुऊन झालं की दार आणि पावडरचा कप्पा उघडा ठेवा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मात्र बोटभर फटीपुरतंच, आणि लावायच्या आधी आत हात घालून बघायचं.

बरं हे झालं वासाचं. मशीन पाणी सोडत नाही, मधेच थांबते, स्क्रीनवर कसलातरी नंबर येतो, तेव्हा खाली उजव्या नाहीतर डाव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं बघा, ते कधी उघडलंय? माझ्या बहिणीने नऊ वर्षांत उघडलं नव्हतं, तिला वाटायचं ते कंपनीच्या माणसासाठी आहे. त्याच्या आत ड्रेनचा फिल्टर असतो, फिरवून काढायचा, पण आधी प्लग काढा, मशीनमधलं पाणी गरम असेल तर गार होऊ द्या, खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा आणि छोटी नळी असेल तर तिच्यातून पाणी काढून घ्या, नाहीतर माझ्यासारखी घरभर पाणी पुसत बसाल. बहिणीच्या मशीनमधून नाणी निघाली, बटणं, केसांच्या पिना, एक छोटा मोजा, आणि तिच्या नातवाचा हरवलेला खेळण्यातला सैनिक! मशीन त्याच दिवशी सुरू झाली. आणि उलटं, पाणी आत यायलाच वेळ लागत असेल तर नळ बंद करून मागचा पाइप काढा, तो मशीनला जिथे जोडलेला असतो तिथे एक बारीक जाळी असते, वाळूने भरलेली असणार, पकडीने अलगद ओढून काढायची, धुवायची, परत लावायची.

नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी एक, मागच्या बाजूला तीन-चार मोठे बोल्ट असतात, ते वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून असतात आणि चालवायच्या आधी काढावेच लागतात. आमच्या ओळखीत एकांकडे ते तसेच राहिले, पिळायला लागली की मशीन अक्षरशः चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत आली. बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

कपडे वाळवायचं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर लिंटची (म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंची) जाळी दर फेरीनंतर साफ करायलाच हवी, मागच्या पाइपासकट कधीतरी, ते साचलेलं लिंट पेट घेतं. यात आळस नको.

एसीचं सगळ्यांना माहिती असतं तरी कोणी करत नाही. पुढचं पॅनेल उघडून जाळ्या काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, वापर जोरात असेल तेव्हा दर दोन आठवड्यांनी. जाळी तुंबली की हवा कमी जाते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि आपण म्हणतो गॅस गेला. गॅस काही पेट्रोलसारखा वापरून संपत नाही हो, ती बंद नळी आहे, कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरून देणाऱ्याला गळती कुठे होती हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळत असेल तर बहुतेक वेळा पाणी जायची नळी चोंदलेली असते, बाकी काही नाही. व्हॅक्यूम क्लीनर ओढत नाही? पिशवी, फिल्टर, मग नळीत अडकलेला बोळा, या क्रमाने बघा, मोटर सगळ्यात शेवटी.

मिक्सर चालता चालता एकदम गप्प झाला तर घाबरू नका, प्लग काढून उलटा करा, बऱ्याच मिक्सरच्या पोटाखाली एक छोटं बटण असतं, बहुतेक लाल, मोटर तापली की ते बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या आणि दाबा. या एका बटणापायी लोकांनी मिक्सर दुकानात ठेवून आलेले मी स्वतः पाहिलेत, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फोनचा पण श्वास अडकतो बरं का. चार्जर लावला की हलवून हलवून बसवायला लागतो, जरा धक्का लागला की चार्जिंग थांबतं, मग आपण नवीन केबल आणतो, मग नवीन चार्जर आणतो, मग दुकानदार म्हणतो पोर्ट बदलावा लागेल. आधी फोन बंद करा, टॉर्च मारून चार्जिंगच्या भोकात बघा, खिशातला कापूस आणि धूळ रोज थोडी थोडी ठासून तळाशी घट्ट बोळा होतो आणि पिन पूर्ण आत जातच नाही. लाकडी दातकोरणीने हळूच, अगदी हळूच उकरून काढा. सुई, टाचणी, धातूचं काहीही नको, आतल्या बारीक पट्ट्या वाकल्या तर मग खरंच पोर्ट बदलावा लागेल.

आणि बॅटरी. माझे यजमान अजून फोन पूर्ण मरू देतात आणि मग १०० टक्के करतात, त्यांना कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगितलंय की त्याने बॅटरी टिकते. ते निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्यांचं होतं. आत्ताच्या लिथियम-आयन, ज्या १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणल्या आणि ज्यांच्यासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं, त्यांना उलट तळाला जाणं पण आवडत नाही आणि १०० वर तासन्‌तास बसणं पण आवडत नाही. पण या सगळ्याहून त्यांचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. उशीखाली चार्जिंग, गाडीत डॅशबोर्डवर उन्हात फोन, जाड कव्हर घालून गेम खेळता खेळता चार्जिंग, हे बंद केलं तरी पुष्कळ झालं, टक्के मोजत बसायची गरज नाही, बऱ्याच फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंगमध्येच असते ती चालू करून विसरून जा. जुना फोन किंवा कॅमेरा कपाटात ठेवायचा असेल तर साधारण अर्धा चार्ज करून ठेवा. आणि फोनची पाठ फुगली, लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला तर ती बॅटरी फुगलीये, दाबून बसवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही, चार्जिंग तिथल्या तिथे बंद आणि सरळ दुरुस्तीवाल्याकडे. इथे घरगुती प्रयोग नको म्हणजे नको.

एलईडी बल्बचं गाऱ्हाणं मला फार ऐकायला मिळतं. खोक्यावर १५,००० तास, २५,००० तास लिहिलंय आणि वर्षात उडाला. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी लोकांना मिळालं आणि त्यामुळेच पांढरा उजेड देणारे हे बल्ब आले, तर तो जो उजेड देणारा भाग आहे तो क्वचितच मरतो. मरतं ते बल्बच्या बुडाशी बसवलेलं छोटं सर्किट आणि त्यातला कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, आणि कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्धं. आता तुम्ही तो बल्ब सुंदर बंद काचेच्या गोळ्यात उलटा टांगला, उष्णता वर चढून नेमकी बुडाशी कोंडली, मग तो वर्षात उडणारच. बंद दिव्यात चालेल असं खोक्यावर लिहिलेला बल्ब घ्या, नाहीतर उघडा शेड लावा.

यावर आमच्या चहाच्या कट्ट्यावर एक गृहस्थ हमखास सांगतात की हे सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे. त्यांचं अगदीच खोटं नाही, १९२४ मध्ये मोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन फीबस नावाचा गट केला होता आणि बल्ब १,००० तासांपेक्षा जास्त चालू नये असं खरंच ठरवलं होतं, जास्त टिकणारा बल्ब करणाऱ्याला दंड होता! आणि कॅलिफोर्नियात लिव्हरमोर नावाच्या गावी अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून लागलेला आहे हे पण खरं, फक्त तो इतका मिणमिणता आहे की त्याच्या उजेडात हे पत्र वाचता येणार नाही. पण मी त्यांना विचारलं, तुमच्या फ्रिजमागची धूळ कुठल्या कंपनीने टाकली? ते अजून उत्तर शोधतायत.

छताचा पंखा हळू फिरायला लागला तर मोटर गेली असं समजू नका, बहुतेक वेळा आतला कपॅसिटर कमजोर झालेला असतो, मिस्त्री लोक त्याला कंडेन्सर म्हणतात, अगदी किरकोळ वस्तू आहे, साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर जो आकडा असेल तोच आणायचा. हे मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पात्यांवरची धूळ तेवढी आपण काढू शकतो, आणि सगळ्या पात्यांवरची काढा, एकच पुसलं की पंखा डुलतो.

पाण्याच्या रस्त्यात धूळ नसते, क्षार असतो. जड पाणी तापवलं की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं आणि तो पांढरा थर किटलीच्या तळाशी, गीझरच्या कॉइलवर, इस्त्रीच्या वाफेच्या भोकांत बसतो. थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी कॉइलमध्येच राहते, वेळ जास्त लागतो आणि एक दिवस कॉइल तुटते. किटलीसाठी सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूसत्त्व एक-दोन चमचे पाण्यात घालून गरम करा, अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा साध्या पाण्याने उकळून घ्या, आरशासारखी निघते. खरवडू नका कधी. टाकीवाल्या गीझरच्या आत बहुतेक वेळा मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती मुद्दाम स्वतः झिजते म्हणजे टाकी गंजत नाही, ती संपली की मग टाकीचा नंबर. सर्व्हिसवाला आला की कांडी दाखव म्हणायचं, एवढं एक वाक्य म्हटलं की तो पण जरा नीट काम करतो असा माझा अनुभव आहे. नळाचा फवारा मंदावला तर पुढची गोल जाळी फिरवून काढायची आणि त्याच लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकायची.

वायफाय हे यात बसतं का मला माहीत नव्हतं पण बसतं. आमच्याकडे राउटर दिसायला वाईट म्हणून यजमानांनी तो टीव्हीच्या खालच्या कपाटात, मागे, लोखंडी डब्याशेजारी ठेवला होता आणि वर तक्रार, की आतल्या खोलीत नेट येत नाही. राउटर घराच्या साधारण मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवायचा, धातू आणि पाणी त्याच्या लहरी अडवतात, मोठा आरसा आणि माशांची टाकी पण. त्यात दोन नावं दिसतात ना, २.४ आणि ५ (गिगाहर्ट्झ), त्यातलं २.४ भिंतीतून लांब जातं पण हळू, ५ वेगवान पण जवळच्या खोलीपुरतं. आणि मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो म्हणजे नेमका २.४ च्याच पट्ट्यात, म्हणून कुणी काही गरम करायला ठेवलं की नेमका व्हिडिओ अडकतो. कपाटातून बाहेर काढल्यावर आमचा राउटर तापायचा पण थांबला आणि रोज बंद-चालू करायची भानगड गेली.

आता कुठे हात घालायचा नाही तेही लिहिते, नाहीतर म्हणाल म्हातारी लोकांना करंट लावायला निघाली. मायक्रोवेव्हचं बाहेरचं कव्हर कधीही उघडायचं नाही, प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो, त्याने माणसं गेली आहेत. आत ठिणग्या दिसल्या तर बाजूच्या भिंतीवर जो पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा असतो तो मळलाय किंवा जळलाय का एवढं बघा, पुसून झालं नाही तर वापर बंद आणि दुरुस्तीवाला बोलवा. आणि काहीही उघडायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

एक्स्टेंशन बोर्डाचा हिशोब मला वाटतं शाळेत शिकवायला हवा, वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर येतात, झालं. २,००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर खेचतो, आणि तुमच्या त्या बारीक वायरच्या बोर्डावर ६ अँपिअर छापलेलं असेल तर वायर तापणारच. हीटर, गीझर, इस्त्री, किटली सरळ भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला. गुंडाळलेली लांब वायर वापरायची झाली तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. प्लग हाताला गरम लागला की सॉकेट ढिला झालाय असं समजा आणि बदलून घ्या, हे वास यायच्या आधीचं लक्षण आहे. मेन बोर्डावर जो धक्क्यापासून वाचवणारा स्विच असतो, त्याच्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो तिथे नुसता शोभेला आहे.

हे सगळं करून पण वस्तू मरतात, मग टाकाव्या लागतात, मी काही हट्ट करणाऱ्यातली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात होतं की २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला नीट गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. तो आकडा वाचल्यावर मला माझा तो वाचलेला फ्रिज आठवला, तोही त्यात जाणार होता, केवळ मी मागे बघितलं नव्हतं म्हणून.

तेव्हा संपादक महोदय, दोन मागण्या. एक, तुम्ही नवीन वस्तूची परीक्षा छापता तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा याच्याबरोबर हे पण लिहा की फिल्टर हाताने निघतो का स्क्रू काढावे लागतात, सुटे भाग किती वर्षं मिळतील, बॅटरी बदलता येते का. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीला किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागायला लागले, तुम्हाला कायदा करता येणार नाही पण एक चौकट छापता येईल. दुसरी मागणी, पुरवणीत कोपऱ्यात एक छोटी जागा द्या, दर आठवड्याला एकाच वस्तूचा एकच फिल्टर, कुठे असतो, कसा काढायचा, चित्रासकट. चित्र महत्त्वाचं. माहितीपुस्तिकेतली चित्रं एवढी बारीक असतात की भिंग घेऊन पण बाण कुठे दाखवतोय कळत नाही. पहिला लेख मी लिहून देईन, फुकट, आणि विषय तुम्हाला माहितीच आहे.

आपली नम्र,
एक जुनी वाचक

ता. क. : पत्र संपवता संपवता टीव्हीचा रिमोट बंद पडला. फोनचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं, स्क्रीनवर जांभळट-पांढरा दिवा लुकलुकला तर रिमोट ठीक आहे आणि दोष टीव्हीत आहे. मागच्या कॅमेऱ्याने नाही दिसला तर पुढच्याने बघा, काही फोनमध्ये मागच्या कॅमेऱ्याला तो उजेड गाळून टाकणारी काच असते. आमचा लुकलुकला. मग कळलं, टीव्हीच्या खाली रिमोटचा डोळा असतो त्याच्या बरोबर पुढे यजमानांनी राउटर आणून ठेवला होता.